कापून टाकलेल्या अस्तराची साक्ष

आत्याच्या घरात सकाळची भाकरी कधी चुकली नव्हती. चाळिशी उलटल्यावर ती चुकू लागली. पीठ मळता येईना, थापायला घेतलेली भाकरी परातीतच फाटायची, ब्लाउजचे हूक लावायला मुलीला हाक मारावी लागे. दहा-साडेदहापर्यंत बोटं हळूहळू सैल व्हायची. मग घरातल्यांना वाटायचं, हिला तर काहीच झालेलं नाही. ‘रात्रभर कुणी बोटं सिमेंटात रोवून ठेवल्यासारखं वाटतं,’ असं ती सांगायची. ‘वाताचा त्रास आहे, आंबट बंद करा,’ हा सल्ला आणि दुखण्यावरच्या गोळ्या यांत सहा वर्षं गेली. निदान झालं तेव्हा तिची बोटं करंगळीच्या बाजूला झुकली होती. ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

त्या आजाराचं नाव रूमेटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. वय वाढलं की गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. आमवातात सांधा झिजत नाही, त्याच्यावर हल्ला होतो, आणि हल्ला करणारी असते आपलीच प्रतिकारशक्ती. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला हा आजार असतो, असं त्या पाहणीतून दिसलं. जगभरातले आकडेही अर्धा ते एक टक्क्याच्या आसपास आहेत. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन ते तीन पट जास्त आढळतो.

म्हणजे प्रत्येक मोठ्या गावात अशी एखादी तरी आत्या आहे. आज तिची बोटं वाकण्याआधी वाचवता येतात. हे शक्य झालं ते प्रयोगशाळेतल्या काही माणसांमुळे. शस्त्रक्रियेनंतर एरवी टाकून दिला जाणारा सांध्याचा तुकडा त्यांनी जपून ठेवला आणि त्यालाच प्रश्न विचारला.

सांध्यातलं बांडगूळ

सांध्याच्या आतल्या बाजूला एक नाजूक अस्तर असतं, सायनोव्हियम. त्याचा पृष्ठभाग जेमतेम एक ते तीन पेशींच्या जाडीचा. सांध्याला लागणारं वंगण तयार करणं हे त्याचं काम. निरोगी माणसाला ते अस्तर आहे याची जाणीवसुद्धा होत नाही.

आमवातात हे अस्तर फुगतं. त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन तिथे ठाण मांडतात. झाडावर बांडगूळ पसरावं तसं ते कूर्चेवर पसरत जातं. कूर्चा विरघळवणारी विकरं त्यातून पाझरतात आणि हाड कुरतडणाऱ्या पेशी जाग्या होतात. एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला उंदरानं खाल्ल्यासारखे खाचे दिसतात ते यामुळे. आजार सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच ते दिसू लागतात.

पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या हातात काय होतं? अ‍ॅस्पिरिन, सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं आणि कॉर्टिसोन. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी 1948 मध्ये कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली एक रुग्ण काही दिवसांत चालू लागली. हेंच यांना 1950 चं नोबेल मिळालं. पण जास्त दिवस घेतल्यावर ते औषध हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं, हेही लवकरच कळलं. पुढे मेथोट्रेक्झेट आलं. भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूनं ते कर्करोगासाठी तयार केलं होतं. आठवड्यातून एकदा अगदी कमी मात्रेत दिलं तर ते आमवातालाही आवर घालतं, हे 1985 च्या चाचणीनं दाखवलं. आजही बहुतेकांच्या उपचाराची सुरुवात त्याच गोळीनं होते. तरीही आजाराची दोरी नेमकी कुणाच्या हातात आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

बशीतला प्रश्न

लंडनमध्ये 1965 साली केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ रूमॅटॉलॉजी ही संस्था सुरू झाली, केवळ सांध्यांच्या आजारांवर संशोधन करण्यासाठी. तिथे ऐंशीच्या दशकात दोन माणसांची जोडी जमली. रविंदर मैनी लुधियानात जन्मलेले, युगांडात वाढलेले आणि केंब्रिजला शिकलेले सांधेरोगतज्ज्ञ. मार्क फेल्डमन पोलंडमध्ये जन्मून ऑस्ट्रेलियात वाढलेले प्रतिकारशक्तीचे अभ्यासक. एकाला रुग्णाचा सांधा ठाऊक होता, दुसऱ्याला पेशींची भाषा.

पेशी एकमेकींशी बोलतात त्या सायटोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांतून. ‘इकडे या’, ‘वाढा’, ‘हल्ला करा’ असे हे निरोप असतात. सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात असे निरोप एक-दोन नव्हे, डझनांनी सापडू लागले होते. त्यामुळे अनेक शास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं की यातला एक बंद करून काय होणार? दुसरा त्याची जागा घेईल. गर्दीतल्या एका माणसाचं तोंड धरल्यानं गलका थांबत नाही. हा आक्षेप वजनदार होता आणि तो वादविवादानं सुटणारा नव्हता.

मग त्यांच्या प्रयोगशाळेनं काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया होते तेव्हा सुजलेलं अस्तर कापून काढावं लागतं. ते ताजं असतानाच प्रयोगशाळेत आणलं जाई. त्याचे बारीक तुकडे करायचे, पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजेन विकरानं विरघळवायचं आणि सुट्या झालेल्या पेशी पोषक द्रवात, शरीराइतक्या उबेत ठेवायच्या. एरवी प्रयोगशाळेत पेशींना डिवचावं लागतं, तेव्हा त्या सायटोकाइन सोडतात. या पेशींना कुणी डिवचलं नव्हतं. शरीरापासून तुटूनही त्या दिवसेंदिवस निरोप सोडत राहिल्या. आजार जणू त्या छोट्याशा बशीत जिवंत होता, आणि म्हणूनच त्याला प्रश्न विचारता येणार होता.

प्रश्न या चमूतल्या फियोनुला ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. टीएनएफ, म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, हा त्या निरोपांपैकी एक. फक्त त्याला पकडून ठेवणारं प्रतिपिंड बशीत घातलं तर काय होईल? आमवाताच्या सात रुग्णांच्या आणि सांधे झिजलेल्या सात रुग्णांच्या पेशी घेतल्या. आमवाताच्या पेशींमध्ये टीएनएफ अडवताच कूर्चा खाणारा दुसरा मोठा निरोप, इंटरल्यूकिन-1, झपाट्यानं घटला. झिजलेल्या सांध्यांच्या पेशींमध्ये तसं झालं नाही. टीएनएफचाच भाऊबंद असलेल्या दुसऱ्या प्रथिनाला अडवूनही काही फरक पडला नाही. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निष्कर्ष छापून आला.

गर्दी होती, पण ती बेशिस्त नव्हती. एकामागून एक पेटणाऱ्या माळेसारखी तिची रचना होती आणि त्या माळेची वात टीएनएफ होती.

सुजलेले सांधे 18 वरून 5 वर

बशीतलं सत्य शरीरातही खरं ठरेलच असं नाही. अथेन्समध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटानं माणसाच्या टीएनएफचा जनुक उंदरात घातला. बेसुमार टीएनएफ तयार करणाऱ्या त्या उंदरांना आपोआप संधिवात झाला. केनेडी संस्थेत रिचर्ड विल्यम्स यांनी उलट बाजूनं पाहिलं. उंदरांना कोलॅजेन टोचून संधिवात निर्माण केला आणि आजार सुरू झाल्यावर टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलं. सूज ओसरली, सांध्यांची हानीही कमी झाली.

अखेर 1992 मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये 20 रुग्णांना सलाइनवाटे हे औषध देण्यात आलं. उपलब्ध सगळी औषधं करून थकलेली ही माणसं. औषध होतं उंदीर आणि माणूस दोघांच्या प्रतिपिंडांचे भाग जोडून बनवलेलं, आज ज्याला इन्फ्लिक्सिमॅब म्हणतात ते. सुजलेल्या सांध्यांचा मध्यांक सहा आठवड्यांत 18 वरून 5 वर आला. काही आठवड्यांनी औषधाचा अंमल उतरला, तसा आजार परतला. त्यातल्या आठ जणांना पुन्हा औषध दिलं, तेव्हा ते पुन्हा सुधारले.

मनाच्या समजुतीनंही दुखणं कमी वाटतं, म्हणून पुढची चाचणी औषध आणि नुसतं द्रावण यांची तुलना करणारी होती. युरोपातल्या चार केंद्रांत 73 रुग्ण. चार आठवड्यांनी नुसतं द्रावण मिळालेल्या 24 पैकी दोघांना उतार होता, जास्त मात्रा मिळालेल्या 24 पैकी 19 जणांना. 1994 मधल्या या निकालानंतर शंकेला फारशी जागा उरली नाही. टीएनएफलाच अडवणाऱ्या एटानरसेप्ट या औषधाला 1998 मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली, इन्फ्लिक्सिमॅबला पुढच्या वर्षी, मग अ‍ॅडालिम्युमॅब आलं. फेल्डमन आणि मैनी यांना 2003 चा लास्कर पुरस्कार मिळाला.

क्षयरोगानं शिकवलेला धडा

टीएनएफ हा काही शत्रू नाही. क्षयरोगाचे जंतू शरीरात शिरले की पेशी त्यांच्याभोवती गाठ बांधून त्यांना कोंडतात, आणि ही गाठ टिकवायला टीएनएफ लागतो. तो अडवला की कुलूप निघतं. 2001 मध्ये एका अमेरिकी अहवालात इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षयरोग झालेल्या 70 रुग्णांची नोंद आली. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. आपल्याकडे कोट्यवधी लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपून असतात, त्यामुळे हा धडा आपल्यासाठी फार महत्त्वाचा. म्हणूनच हे इंजेक्शन देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि छुप्या क्षयाची तपासणी करतात. ती टाळून चालत नाही.

दुसरी अडचण किमतीची. ही औषधं जिवंत पेशींकडून बनवून घ्यावी लागतात, म्हणून महाग पडतात. अ‍ॅडालिम्युमॅबची जगातली पहिली समरूप आवृत्ती डिसेंबर 2014 मध्ये भारतातच, अहमदाबादच्या झायडस कंपनीनं, मूळ औषधापेक्षा बऱ्याच कमी किमतीत बाजारात आणली. तरीही महिन्याचा खर्च अनेक घरांच्या आवाक्याबाहेरच राहतो. शिवाय साधारण एक तृतीयांश रुग्णांना या औषधांचा पुरेसा उपयोग होत नाही. त्यांच्या सांध्यात माळेची वात बहुधा दुसरीच असते. म्हणून इंटरल्यूकिन-6 अडवणारी, प्रतिकारशक्तीच्या बी पेशी कमी करणारी, पेशीच्या आत निरोप पोचवणारा मार्ग बंद करणारी औषधं आली.

ठिणगी कुठे पडते?

वात सापडली. ती पेटवतं कोण, हा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. पण धागे हाती आले आहेत. आपल्या प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचा एक घटक असतो. एक विकर त्याचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतं. ओळखीच्या माणसानं वेगळाच अंगरखा घालावा तसं ते प्रथिन दिसू लागतं, आणि काही जणांची प्रतिकारशक्ती त्याला परकं समजते. त्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात मोजणारी अँटी-सीसीपी तपासणी आज निदानाचा मोठा आधार आहे.

स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये रुग्णांचं आजारपणाच्या आधीचं, पेढ्यांमध्ये जपून ठेवलेलं रक्त शोधून काढलं गेलं. अनेकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सांधे दुखण्याच्या कित्येक वर्षं आधीच होती. म्हणजे ठिणगी बहुधा सांध्यात पडत नाही. संशय फुप्फुसांवर आणि हिरड्यांवर आहे. विशिष्ट जनुकं असलेल्या माणसानं धूम्रपान केलं तर धोका अनेक पटींनी वाढतो, असं स्वीडनमधल्या अभ्यासांनी दाखवलं. हिरड्या सुजवणारा एक जीवाणू तर सिट्रुलिन तयार करणारं विकर स्वतःच बाळगून असतो. विडी सोडणं आणि हिरड्यांची काळजी घेणं या सल्ल्यांमागे असा प्रयोगशाळेतला आधार उभा आहे.

आता प्रयत्न आहे तो आजार सुरू होण्याआधीच गाठण्याचा. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या 213 लोकांची चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं होती, सांधे दुखत होते, पण सूज नव्हती. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना आवरणारं अबाटासेप्ट हे औषध वर्षभर मिळालेल्यांपैकी पहिल्या वर्षात 6 टक्क्यांना आमवात झाला, न मिळालेल्यांपैकी 29 टक्क्यांना. औषध थांबवल्यानंतर वर्षभरात हा फरक कमी झाला, 25 आणि 37 टक्के. आजार कायमचा टळला असं म्हणता येत नाही, पण तो लांबवता येतो हे दिसलं.

तोवर आपल्या हाती आहे ती वेळ. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली राहत असतील, मूठ वळत नसेल, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील आणि हे सहा आठवडे टिकलं असेल, तर पथ्यांवर आणि दुखण्याच्या गोळ्यांवर वर्षं घालवू नका. सांधेरोगतज्ज्ञ म्हणजेच रूमॅटॉलॉजिस्ट गाठा. दहा वाजता बोटं सैल झाली म्हणून घरच्या बाईचं दुखणं खोटं ठरवू नका.

आत्याचा गुडघा पुढे बदलावा लागला. तिच्या सांध्यातलं अस्तर इतर चार गोष्टींसोबत टाकून दिलं गेलं असणार. लंडनच्या त्या सात रुग्णांचंही तसंच टाकून दिलं गेलं असतं. ते बशीपर्यंत पोचलं, म्हणून आज चाळिशीतल्या कुणा बाईला सकाळी भाकरी थापता येते.