पुंगळीचा हिशेब

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर एक पितळी पुंगळी आहे. बोटभर लांबीची, मानेशी थोडी निमुळती. पेन्सिलीचे तुकडे तिच्यात राहत नाहीत, कागद दाबायलाही ती हलकी पडते. तरी पंचावन्नेक वर्षं ती माझ्याबरोबर आहे. बदल्या झाल्या, तीन घरं झाली, पुंगळी आली.

ती मला भिंगारजवळच्या माळावर सापडली. आमचं नगर (आता अहिल्यानगर, पण जीभ अजून नगरच म्हणते) लष्कराचं गाव. भिंगारच्या कॅम्पापलीकडे जवानांचा नेमबाजीचा सराव चाले आणि आम्ही पोरं लांब बाभळीखाली बसून तो संपायची वाट बघायचो. सराव संपला की जवान ओणवे होऊन रिकाम्या पुंगळ्या वेचत. पोत्यावर ओतून मोजत. जितकी काडतुसं दिली तितक्या पुंगळ्या परत, असा हिशेब. एखादी कमी भरली की सारे पुन्हा गवतात. पुढे बँकेत कॅश जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसायची वेळ आली, तेव्हा मला ते ओणवे जवान आठवत.

तर एके दिवशी त्यांच्या नजरेतून सुटलेली एक माझ्या पायाखाली आली. मी ती खिशात घातली आणि धूम ठोकली. घरी येऊन बूड घासलं, तर गोल कडेनं अक्षरं उमटलेली. ‘के’, ‘एफ’ आणि ५६. मामा म्हणाले, ‘के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. आपली खडकी. आणि ५६ हे साल.’ माझ्यापेक्षा वयानं मोठी वस्तू चोरली, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

सरकारनं शस्त्रं करायची ही गोष्ट नगरला नवी नाही. शहरात तोफखाना नावाचा भागच आहे, त्याच नावाचं पोलीस ठाणंही. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती १५४९ मध्ये निजामशाहीसाठी ओतली गेली ती नगरलाच. ओतणारा महंमद बिन हसन रूमी. सुमारे पंचावन्न टनांचं हे धूड १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी लिलावात काढलं, तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची! किंमत फारच कमी वाटल्यामुळे विक्री रद्द झाली. बँकेत जप्तीच्या मालाचे लिलाव पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

खडकीचा कारखाना १८६९ चा. पेशव्यांची फौज ५ नोव्हेंबर १८१७ रोजी जिथं हरली, त्याच परिसरात अवघ्या बावन्न वर्षांनी इंग्रजांनी काडतुसांचा कारखाना घातला. मला मात्र दुसरं अंतर जास्त बोलकं वाटतं. चरबी लावलेलं कागदी काडतूस दातांनी तोडायचं, यावरून १८५७ मध्ये भडका उडाला. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांत खडकी. मधल्या काळात, १८६६ च्या सुमाराला, इंग्रजी फौजेत धातूचं काडतूस आलं होतं. त्याला दात लावायची गरज नव्हती. पण भीती गेली नव्हती. हिंदी शिपायांच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायची, हे धोरण पुढे बरीच वर्षं चाललं. म्हणजे काडतूस करणारा हात हिंदी चालत होता; झाडणाऱ्या हातावर मात्र भरवसा नव्हता.

ऐंशीच्या दशकात माझी खडकीला बदली झाली. भोंग्यावर चालणारं गाव. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर तीच गर्दी. नगर जिल्ह्यातले बरेच निघत. पारनेरचे एक खातेदार होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. कर्जाच्या अर्जात ‘कामाचे स्वरूप’ असा रकाना असे. तात्यांनी तिथं लिहिलं होतं, ‘पितळ’. मी विचारलं, ‘तात्या, म्हणजे नेमकं काय?’ ते म्हणाले, ‘साहेब, तेवढंच लिहायचं असतं.’

पुढे ओळख वाढली तेव्हाही कारखान्यात काय चालतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पितळेविषयी मात्र ते मनसोक्त बोलत. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. पत्र्यातून आधी वाटी कापायची, मग ती ठोकून, ओढून लांबवायची. ‘पितळ ओढलं की रागावतं, ताठ होतं. तसंच ओढाल तर चिरतं. त्याला भट्टीत नेऊन शांत करायचं, मग पुन्हा ओढायचं.’ असं तीन-चार वेळा. शेवटी तोंडाशी, गोळी बसते तिथं, पुन्हा जरा ऊब द्यायची, नाहीतर साठवणीत तडकायची भीती. तांबट आळीतला कारागीर घागरीबद्दल जे बोलेल तेच तात्या बोलत होते. फक्त त्यांच्या भांड्यात दारू भरली जायची.

एका काडतुसामागे केवढा देश असतो! दारू नीलगिरीतल्या अरुवनकाडूच्या १९०३ च्या कारखान्यातली, रायफल बंगालमधल्या ईशापूरची, तांब्या-पितळेच्या मिश्रधातूंसाठी स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये अंबरनाथ. चीनच्या युद्धानंतर सरकार खडबडून जागं झालं आणि १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा आणखी एक कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास जुनं ३०३ मागे पडून ७.६२ मिलिमीटर आलं, नव्वदीत इन्सासबरोबर ५.५६. गोळी बारीक होत गेली. पुंगळीच्या बुडावर वरणगावची ‘ओ एफ व्ही’ अक्षरं दिसू लागली.

नगरच्या माणसाला या सगळ्याचं दुसरं टोकही ठाऊक असतं. खारे कर्जुनेच्या बाजूला लष्कराचं मोठं के. के. रेंज आहे, रणगाड्यांच्या आणि तोफांच्या सरावाचं. भोवतीच्या गावांतली गरीब माणसं तिथलं भंगार वेचतात. न फुटलेला गोळा हाताळताना माणसं दगावल्याच्या बातम्या आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत येत आल्या आहेत. भंगार किलोवर विकलं जातं. माळावर ओणवं होऊन वेचणं तेच; पण इथं कोणी मोजायला उभं नसतं.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आयुध निर्माणी मंडळ मोडायचं ठरवलं. संघटनांनी संपाची हाक दिली, तर वटहुकूम काढून संपालाच बंदी झाली. १ ऑक्टोबरला एकेचाळीस कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले आणि पंधरा तारखेला, ऐन दसऱ्याला, पंतप्रधानांनी त्या देशाला अर्पण केल्या. खडकी, वरणगाव आणि अरुवनकाडू म्युनिशन्स इंडियाकडे, तिचं मुख्यालय खडकीलाच. अंबरनाथ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. ईशापूरची रायफल कानपूरच्या कंपनीकडे. एकाच घरातले भाऊ वेगळे निघावेत तसं झालं. जुनी व्यवस्था सुस्त होती, माल महाग पडतो अशी फौजेची तक्रार होती, हे खरंच. ताळेबंद मांडायचा तर मीही ‘कंपनी करा’ असंच लिहिलं असतं. पण सुमारे सत्तर हजार माणसांना एका सकाळी कळलं की आपण नव्या कंपनीत ‘प्रतिनियुक्तीवर’ आहोत. आधी दोन वर्षांसाठी, मग मुदत वाढत गेली.

त्याच नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला नगरच्या बँकेत रांगेत उभा होतो. पुढे तात्या! ऐंशीला टेकलेले, निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलेले. मुलगा त्याच कारखान्यात. ‘साहेब, पेन्शन आता कंपनी देणार का सरकार?’ मी सांगितलं, सरकारच. त्यांनी मान डोलावली. ‘माझं सोडा. पोरगा विचारतो, त्याच्या ओळखपत्रावर काय लिहायचं?’

मी त्यांना घरी घेऊन आलो. चहा होईपर्यंत पुंगळी हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून आधी बूड वाचलं. ‘छप्पन. माझ्या आधीची.’ मग मानेवर अंगठा फिरवला, उजेडात धरली. ‘हा निळसर डाग बघा. भट्टीची खूण. चांगल्या हाताची आहे.’

बराच वेळ ती त्यांच्या तळहातावर होती. मग विचारलं, ‘कुठून आणली?’

मी भिंगारची गोष्ट सांगितली. मला वाटलं, हसतील.

‘म्हणजे त्या दिवशी एक कमी भरली असणार,’ तात्या म्हणाले. ‘कुणाला तरी बोलणी बसली असतील, साहेब.’