सुंता: लहानशी शस्त्रक्रिया आणि पुरुषाचे पुढचे आयुष्य

सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकत्र नांदतात. विजापूर रस्त्याच्या बाजूने वाढलेल्या जुळे सोलापुरातही तोच शेजार आहे. एका घरात मुलाची सुंता लहानपणीच होते, शेजारच्या घरात ती कधीच होत नाही. सुंतेत काढल्या जाणाऱ्या त्वचेच्या असण्या-नसण्याने पुरुषाच्या प्रकृतीत पुढे काय फरक पडतो, याचे एक महत्त्वाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडले आहे.

शिश्नाच्या टोकावरची अग्रत्वचा म्हणजे दुहेरी घडी. तिची आतली बाजू ओठाच्या आतल्या बाजूसारखी नाजूक व ओलसर असते. जन्मतः ती आतल्या भागाला चिकटलेली असते आणि वयाबरोबर आपोआप सुटते. ब्रिटिश डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की, केवळ ४ टक्के नवजात मुलांची त्वचा पूर्ण मागे सरकते. डेन्मार्कमधील शाळकरी मुलांच्या १९६८ च्या पाहणीत, सतराव्या वर्षापर्यंत ही त्वचा घट्ट राहिलेली मुले जेमतेम १ टक्का निघाली. म्हणून तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना ती जोराने मागे ओढू नये. चिरा पडून व्रण होतात आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

घट्ट त्वचेचा हा विकार सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ या नावाने आला आहे. तूप लावलेली नळी घालून, टप्प्याटप्प्याने जाड नळी वापरत मार्ग रुंद करण्याचा उपचारही तिथे सांगितला आहे.

आता पुण्याकडे वळू. तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते २००० या काळात, एचआयव्हीची लागण नसलेल्या २,२९८ पुरुषांवर संशोधकांनी लक्ष ठेवले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले: सुंता झालेल्यांमध्ये एचआयव्हीच्या लागणीचा धोका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी होता. त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. गरमी, परमा आणि जननेंद्रियाची नागीण या रोगांच्या बाबतीत दोन्ही गटांत तसा फरक आढळला नाही. केवळ वागणुकीमुळे धोका घटला असता, तर हे रोगही घटले असते. म्हणजे संरक्षणाचे कारण शरीराच्या रचनेत असावे, असा तर्क बळावला. आतल्या त्वचेत विषाणूला सहज बळी पडणाऱ्या पेशी असतात आणि त्या ओलाव्यात जिवाणूही वाढतात.

सुंता झालेल्यांची संख्या या पाहणीत थोडी होती, त्यामुळे अधिक भक्कम पुरावा हवा होता. तो दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातील चाचण्यांनी दिला. तिथे स्वेच्छेने आलेल्या प्रौढ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुंतेमुळे ५० ते ६० टक्क्यांनी घटली. हे संरक्षण अर्धवट आहे, म्हणून कंडोमची गरज संपत नाही.

लैंगिक सुखाचे काय? केनिया आणि युगांडातील चाचण्यांत, प्रौढपणी सुंता केलेल्या आणि न केलेल्या पुरुषांच्या लैंगिक क्षमतेत व समाधानात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र डेन्मार्कच्या २०११ च्या पाहणीत सुंता झालेल्या काही पुरुषांनी अधिक अडचणी सांगितल्या. हलका स्पर्श टिपण्यात अग्रत्वचा तरबेज असते आणि ती काढल्यावर ती संवेदना जाते, हेही खरे. त्वचा प्रमाणाबाहेर कापली गेली तर ताठरतेच्या वेळी ओढ बसते. लहानपणी सुंता झालेल्या काहींचे मूत्रद्वार पुढे अरुंद होते, लघवीची धार बारीक व तिरपी पडते. यावर उपचार आहेत, म्हणून असा त्रास वर्षानुवर्षे सोसू नये.

बालपणी सुंता झालेल्यांमध्ये शिश्नाचा कर्करोग फारच क्वचित आढळतो. प्रौढपणी केलेल्या सुंतेने तितके संरक्षण मिळत नाही. घट्ट त्वचा, तंबाखू आणि एचपीव्ही विषाणू ही या कर्करोगाची मोठी कारणे आहेत. सुंता न झालेल्या पुरुषाने त्वचा मागे घेऊन रोज साध्या पाण्याने धुणे आणि तंबाखू टाळणे, ही स्वतःची मोठी राखण होय.

चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने एका लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे. पूर्वी सहज सरकणारी त्वचा घट्ट होऊ लागली, तिला चिरा पडल्या, खाज सुटली, तर आधी रक्तातली साखर तपासावी. मधुमेहात लघवीतून साखर जाते, त्यावर बुरशी पोसते आणि व्रणांनी त्वचा आवळते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनीही बुरशीचा धोका वाढतो. तरी गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. साखर आटोक्यात आणून मलमाने अनेकांना आराम पडतो, न पडल्यास सुंता हा उत्तम उपाय ठरतो. त्यानंतर सुमारे सहा आठवडे शरीरसंबंध टाळावा लागतो. मागे सरकलेली त्वचा तिथेच अडकून सूज आली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सुंतेचे बरेवाईट परिणाम ती कोणत्या वयात, कशासाठी आणि किती कुशल हातांनी झाली यावर ठरतात. निरोगी माणसाला तिची सक्ती नको आणि गरज असलेल्याला तिची लाज नको. सोलापूरच्या सरकारी रुग्णालयातही शल्यचिकित्सा विभाग आहे. तिथे हा त्रास मोकळेपणाने सांगता येतो, आणि तो वेळेवर सांगणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे.