खुर्चीतून उठताना सांध्यांत काय घडते?

भंडारा जिल्हा भाताचा. रोवणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास कमरेतून वाकून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांपैकी अनेकांना वयोपरत्वे खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो. दोष नेहमी गुडघ्यांचाच नसतो; मांड्यांचे व नितंबांचे स्नायू क्षीण झाल्याचीही ती खूण असते.

उठताना तीन सांधे एकत्र काम करतात. प्रथम खुब्यातून धड पुढे झुकते, घोट्यातून नडगी पुढे कलते. मग खुबा व गुडघा सरळ होतात. बसताना हाच क्रम उलटतो. मात्र तेव्हाही स्नायू विसावत नाहीत. ते ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. म्हणून धपकन बसू नका. सावकाश बसणे हाही व्यायामच आहे.

खुर्ची भिंतीला टेकवा. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, गुडघे आत वळू देऊ नका. श्वास सोडत उठा; चार अंक मोजत बसा. आरंभी पाच वेळा पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ज्येष्ठांनी स्नायुबळाचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावेत.

सेवा करणाऱ्यांनी दंड धरून ओढू नये, खांदा दुखावतो. त्यांना आधी पुढे झुकण्यास सांगावे. सांध्यात तीव्र वेदना वा सूज, छातीत दुखणे किंवा चक्कर आल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधीच सल्ला घ्यावा. शौचालयातून विनाआधार उठता येणे, हे स्वावलंबन या साध्या सरावाने दीर्घकाळ टिकू शकते.