अष्टमीचे पाणी

भरल्या घरातही मनुष्य एकटा असू शकतो, हे आम्ही पुस्तकांतून पुष्कळ वेळा वाचले होते. परंतु त्याची खरी ओळख आम्हांस गेल्या मार्गशीर्षात गोराईच्या खाडीत, एका लहानशा होडीत बसून झाली.

बोरिवलीस आमच्या शेजारी एक स्नेही राहतात. त्यांची सारी हयात हिशेबतपासणीत गेली. गेल्या वर्षी त्यांच्या सहधर्मचारिणी निवर्तल्या. तेव्हापासून मुले, सुना, नातवंडे यांनी गजबजलेल्या घरात हे गृहस्थ मनगटावरील घड्याळाकडे पाहत मुकाट्याने बसलेले दिसत. अखेर त्यांचे वडील चिरंजीव आमच्याकडे येऊन म्हणाले, "काका, बाबांना कुठेतरी घेऊन जा. आमच्याशी ते बोलतच नाहीत." आमचे बालपण वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गेलेले, गळ टाकण्यावाचून दुसरी करमणूक आम्हांस ठाऊक नाही. स्नेह्यांचेही घराणे आमच्याप्रमाणेच मत्स्याहारी. मात्र ताटात येण्यापूर्वी मासा कोठे असतो, याचा विचार त्यांनी कधी केलेला नव्हता.

दिवस ठरविण्यास आम्ही पंचांग काढले, तेव्हा त्यांस नवल वाटले. मुंबईच्या किनाऱ्यापुरता जुना ठोकताळा असा आहे की, शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, पुन्हा सायंकाळी भरती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, त्याचेच हे गणित. पौर्णिमा व अमावास्या यांस सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. मोठ्या उधाणाला येथील पाणी ४ मीटरांहूनही अधिक चढते-उतरते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ परस्परांस छेद देते व पाणी मंदावते. त्यास कोळी बांधव भांग म्हणतात. भांगाला ओढ कमी, म्हणून मासाही कमी. पण नवशिक्यास लहान होडीत बसविण्यास तेच पाणी बरे. आम्ही जाणूनबुजून अष्टमी निवडली. मासा कमी मिळेल, हे मात्र स्नेह्यांस सांगितले नाही.

गोराई जेट्टीवरून नाखव्याने होडी हाकारली, तेव्हा नुकते उजाडत होते. पैलतीरावर विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसू लागला होता. स्नेह्यांच्या हाती मुलाने आणून दिलेली झकपक काठी होती. नाखव्याने ती हसत बाजूला ठेविली व साध्या दोरीस शिसे आणि गळ बांधून, कोळंबी टोचून ती त्यांच्या हाती दिली. "दोरी तर्जनीवर धरा. काठी तुम्हांला सांगणार नाही, बोट सांगेल," एवढाच त्याचा पाठ.

सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. स्नेही दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत. आम्ही त्यांचे मन रमविण्यास 'मानसोल्लासा'ची गोष्ट काढली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचिलेल्या या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचा चारा, गळाने मासा धरण्याची रीत, सर्व काही त्यात आहे. स्नेही म्हणाले, "राजे लोकांना वेळ असतो." आम्ही म्हणालो, "आता तुम्हांलाही आहे." त्यांनी उत्तर दिले नाही.

इतक्यात त्यांच्या दोरीस ओढ लागली. मोठ्या आवेशाने त्यांनी ती वर घेतली, तो गळास प्लास्टिकची काळी पिशवी! नंतर आणखी दोन पिशव्या निघाल्या. तुळशी तलावापाशी उगम पावणारी दहिसर नदी अरण्यातून निर्मळ निघते, नगरातून वाहताना आपली सारी घाण घेते आणि याच खाडीस येऊन मिळते. तिवरांच्या मुळ्यांत अडकलेल्या चिंध्यांकडे बोट करून नाखवा म्हणाला, "ही झाडे आहेत म्हणून खाडी आहे, मास्तर." ते खरेच आहे. कित्येक माशांची व कोळंबीची पिले याच मुळ्यांच्या आश्रयाने वाढतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड रोखली. २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. पण ज्या पिशव्या गळास लागल्या, त्या आपल्याच घरांतून आल्या होत्या.

बाराच्या सुमारास पाणी निश्चल झाले. मग नांगरावरची होडी हळूहळू फिरली आणि तिचे तोंड समुद्राकडे झाले. भरती सुरू झाल्याची ती खूण. एवढ्यात स्नेह्यांच्या बोटास खरा झटका बसला. निघाला तो वीतभर जिताडा. हा मासा मोठा विलक्षण. पिले खाडीत वाढतात, अंडी घालण्यास खाडीच्या मुखाशी जातात, आणि प्रथम नर असलेला मासा पुढे मादी होतो. नाखवा म्हणाला, "लेकरू आहे." स्नेह्यांनी विचारले, "सोडू?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी तो पाण्यात सोडला.

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. घड्याळाकडेही त्यांनी पाहिले नाही. मग दोरीवरची दृष्टी न हलविता ते म्हणाले, "मला काटे काढता येत नाहीत. चाळीस वर्षे ती काढून देत असे. आता सुनेला कसे सांगायचे? म्हणून मासा सोडला म्हणून सांगितले."

वर्षभर घरच्यांनी त्यांचे हे अन्नत्यागाचे व्रत वैराग्य म्हणून मानले होते! आम्हीही तसेच समजलो होतो. विचारले कोणीच नव्हते. आणि विचारले असते तरी घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या घरात ते सांगितले गेले असते, असे आम्हांस वाटत नाही. त्या गोष्टीस सहा तासांचे संथ पाणीच हवे होते.

परतताना नाखव्याने पागात सापडलेली पसाभर कोळंबी आमच्या स्नेह्यांस दिली. कोळंबीस काटा नसतो. त्या रात्री ते पोटभर जेवले, असे त्यांच्या सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येऊन सांगितले. तेव्हा काट्यांची गोष्ट आम्ही तिला सांगितली. ती काही वेळ गप्प राहिली व म्हणाली, "मी काढून देईन, नाहीतर शिकवीन."

असो. आमच्या वाचकांच्या घरीही कोणी वडीलधारे मुकाट बसलेले असतील. त्यांस खाडीवरच न्यावे असे नाही. परंतु एखादा दिवस, ज्यात कोणतेही काम उरकावयाचे नाही, असा त्यांस अवश्य द्यावा. आमच्या स्नेह्यांनी परवा स्वतः पंचांग काढून नातवाकडून आठाची पाऊणपट करवून घेतली.