जहाजाचे खिळे कोणी खाल्ले?

मुलांनो, १७६१ साली इंग्रजांच्या आरमाराने ‘अलार्म’ या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. समुद्रातले किडे लाकूड पोखरतात ना, त्यांना अटकाव म्हणून! जहाज वेस्ट इंडीजची सफर करून आलं. १७६३ साली तळ तपासला, तर लोखंडी खिळे पार गंजून गेलेले. काही खिळे मात्र जसेच्या तसे! पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तिथे तांबं आणि खिळा यांच्यामध्ये राहून गेले होते.

कारण तेव्हा कळणार तरी कसं? व्होल्टाने आपली बॅटरी बनवली तीच मुळी १८०० साली. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात बुडाले, की त्यांचा आपोआप विद्युतघट होतो आणि एक धातू झिजू लागतो. तांबं-लोखंडाच्या जोडीत बळी जातो लोखंडाचा. मिठाच्या पाण्याच्या दोन वाट्यांत जस्ताचा मुलामा नसलेले दोन साधे खिळे टाका. एकाला तांब्याची उघडी तार गुंडाळा. दोन-तीन दिवस पाहा, कोणता जास्त गंजतो ते.

याच युक्तीने धातू वाचवताही येतो, बरं का! स्टीलच्या जहाजांना मुद्दाम जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त आधी झिजतं, स्टील वाचतं. ठोकळे संपत आले की नवे बसवायचे.

पण नवा ठोकळा फार लवकर संपला तर? मग दुसऱ्या चोराचा संशय घ्यावा. तो म्हणजे वाट चुकलेली वीज! बोटीच्या तळात साचलेल्या पाण्यात बॅटरीची एखादी सोललेली वायर बुडाली, की वीज तिथल्या धातूत शिरते आणि बाहेर समुद्रात उतरते. जिथून ती उतरते, तिथला धातू विरघळतो. फक्त एक अँपियर प्रवाह वर्षभरात सुमारे ९ किलो लोखंड खाऊ शकतो! समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्हच खाल्ला गेला, तर धक्क्याला बांधलेली बोटसुद्धा बुडेल.

हा चोर पकडायची रीत मला फार आवडते. बोटीवरचे दिवे, पंप, सगळं बंद करायचं. बॅटरीची धन वायर काढून मध्ये अँमीटर जोडायचा. आता आकडा शून्य हवा. (रेडिओसारखं यंत्र बंद असूनही किंचित वीज घेतं, तेवढी सोडा.) आकडा दिसलाच, तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा शून्यावर येईल, त्याच वायरीवर चोर! हे काम अर्थात जाणत्या माणसाचं. घरातल्या विजेवर मुळीच करून पाहू नका.

बहुतेकदा तळातल्या पंपाच्या वायरीचा जोड पाण्यात बुडालेला सापडतो. तो कापून नवा करायचा आणि पाणी पोचणार नाही इतका उंच बांधायचा.