फर्माची सहावी संख्या

वहीत २ हा आकडा मांडा आणि त्यात १ मिळवा, ३ आले. आता २ चा वर्ग ४, त्यात १ मिळवून ५. ४ चा वर्ग १६, त्यात १ मिळवून १७. असेच पुढे गेले म्हणजे २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळसंख्या आहेत. १ आणि ती संख्या स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही.

फ्रान्समधील तूलूझ येथे न्यायदानाचे काम करणारा प्येर द फर्मा फावल्या वेळी गणितात रमत असे. या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे १६४० मध्ये त्याने एका स्नेह्यास लिहिले. सिद्धता मात्र आपल्यापाशी नाही, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले.

सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही आहे. ती मूळ आहे की नाही, हे साध्या रीतीने ठरवायचे तर ६५,५३६ पर्यंतच्या सर्व मूळसंख्यांनी तिला भागून पाहिले पाहिजे. त्याहून मोठ्या दोन संख्यांचा गुणाकार तिच्या पलीकडे जातो, म्हणून तेथे थांबता येते. पण तेथवरच्या मूळसंख्याच ६,५४२ भरतात! इतके भागाकार हाताने कोण करील?

पुढे १७२९ मध्ये गोल्डबाक नावाच्या गणितज्ञाने फर्माचे हे मत पीटर्सबर्ग येथे राहणाऱ्या ऑयलरला पत्रातून कळविले. १७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या ऑयलरने दाखवून दिले की, या संख्येला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. खात्री नसेल तर गुणाकार करून पाहा.

६४१ हीच संख्या कशी हाती लागते? या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून झालेला असला पाहिजे, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा संख्या ६५, १२९, १९३, २५७ या क्रमाने येतात. ६४१ पर्यंत त्यांतील मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच. म्हणजे हजारो भागाकारांऐवजी अवघे पाच!

खरे नवल फर्माचे वाटते. मूळसंख्यांच्या क्रमात ६४१ ही ११६ वी आहे. चिकाटीने एकेक भागाकार करीत तो गेला असता, तरी थोड्या दिवसांत तेथे पोहोचला असता. पहिल्या पाच संख्यांनी त्याच्या मनात असा काही विश्वास निर्माण केला की, सहावीची कसून परीक्षा झालीच नाही.

सातवी संख्या वीस अंकी आहे. तिला २,७४,१७७ ने भाग जातो. त्यापुढील अनेक संख्या गणितज्ञांनी आणि नंतर संगणकांनी तपासल्या, पण पहिल्या पाचांखेरीज एकही मूळसंख्या आजवर सापडलेली नाही. तशी ती नाहीच, असे कोणी सिद्धही केलेले नाही.