नक्षत्रमाळेतले २७ मोती

मोत्यांचे १००८ सर, प्रत्येक सर ४ हात लांब. या हाराचे नाव इंदुच्छंद, आणि तो माणसांसाठी नव्हेच. देवांचे भूषण म्हणूनच त्याची नोंद झाली आहे. नोंद करणारे वराहमिहिर हे सहाव्या शतकातले उज्जैनचे ज्योतिषी. त्यांच्या 'बृहत्संहिते'त ग्रहगती, पाऊस, धूमकेतू, घरबांधणी यांच्या जोडीला मोत्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. हात दीड फुटाचा धरला तर इंदुच्छंदाचे सर एकापुढे एक ठेवल्यावर १८०० मीटरच्या पुढे जातात. मोती ३ मिलिमीटरचे घेतले तरी सहा लाखांवर लागतील आणि वजन २० किलोपेक्षा जास्त भरेल. देवांनाच पेलवावे असे.

उज्जैन समुद्रापासून लांब, पण बंदराशी त्याचा संबंध जुना. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात उज्जैनहून भरुचला अकीक आणि मलमल जात असल्याचे लिहिले आहे. मोती येण्याची ठिकाणे म्हणून वराहमिहिर सिंहल, ताम्रपर्णी, पांड्य देश, सौराष्ट्र अशी नावे घेतात. हत्ती, रानडुक्कर, बांबू, इतकेच काय ढगांतूनही मोती निघतात असे ते सांगतात खरे, पण शिंपल्यातलाच उत्तम असा निर्वाळाही देतात.

मग हारांची यादी उतरत जाते. १०८ सरांचा तो हार, ८१ चा देवच्छंद, ६४ चा अर्धहार, ५४ चा रश्मिकलाप, ३२ चा गुच्छ, २० चा अर्धगुच्छ, १६ चा माणवक. १०८ चे निम्मे ५४, पण अर्धहार मात्र ६४ चा. सराफाची निम्मे-निम पूर्वापार अशीच असावी! कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तही अशीच यादी आहे, पण तिथे अर्धगुच्छ २४ सरांचा आणि माणवक २० चा.

मला सर्वांत नवल वाटते ते नक्षत्रमाळेचे. कौटिल्याची नक्षत्रमाळा २७ सरांची. वराहमिहिरांची मात्र २७ मोत्यांची, लांबी एक हात. नक्षत्रे २७, तेव्हा ज्योतिष्याला ही माळ आवडणारच. पण दीड फुटात २७ मोती एकमेकांना चिकटून बसवायचे तर प्रत्येक मोती जवळजवळ १७ मिलिमीटरचा, म्हणजे सहा-सात ग्रॅमचा हवा. त्यांच्याच दरपत्रकात चांगल्या तेजाच्या ४ माषे वजनाच्या मोत्याला ५३०० कार्षापण लावले आहेत, आणि २ माष्यांच्या मोत्याला फक्त ८००. वजन निम्मे झाले की किंमत साडेसहा पटींनी उतरते. माषा ५ गुंजांचा धरला तर ४ माषे म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम, आणि असा मोती १२ मिलिमीटरचा. असे २७ मोती ओळीने लावले तरी साधारण १३ सेंटिमीटर जागा उरते. ती कशाने भरायची? माझा तर्क असा, की मोत्यांच्या मधे सोन्याच्या कड्या किंवा दोऱ्याच्या गाठी असणार. सोन्याच्या गुलिका मधे घालून केलेल्या मणिसोपान नावाच्या माळेचा उल्लेख याच अध्यायात आहे, त्यामुळे ही रीत त्यांना अपरिचित नव्हती.

कडीसाखळीची माळ करायची तर सोन्याची तार भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून बारीक करतात, मोत्यातून घालून दोन्ही टोकांना वळवून कडी करतात आणि कडीत पुढची कडी अडकवतात. मोती मऊ असतो, त्यामुळे भोक पाडणे हे खरे जोखमीचे काम. एकाच बाजूने भोक आरपार नेले तर बाहेर पडताना कपचा उडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे पाडतात आणि वर पाणी सोडत राहतात, नाहीतर मोती तापतो.

दोऱ्याचे काम पटवेकऱ्याचे. रेशमाचा पीळ पायाच्या अंगठ्याला अडकवून तो दोन्ही हात मोकळे ठेवतो आणि दागिना गाठवतो. आपला तन्मणी याच हातचा: मोत्यांचे सर आणि मधोमध जडावाचे खोड. मधे रत्न असलेल्या एकेरी माळेला वराहमिहिर यष्टी म्हणतात, रत्न नसलेलीला एकावली. रेशीम घामाने कुजते, म्हणून मोत्यांची माळ अधूनमधून उकलून पुन्हा गाठवावी लागते. प्रत्येक मोत्यामागे गाठ असली की मोती एकमेकांना घासत नाहीत, आणि माळ तुटली तरी फारतर एखादाच मोती घरंगळतो.